भिंतीचे दात

नांदुरा,
ता. ४ डिसेंबर १९४५

अर्जुन,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही ते घाईत राहून गेलं असं समजू नकोस. 'श्रीयुत' लिहून पाहिलं, तेही खोडलं. सख्ख्या भावाला पंधरा वर्षांनी पत्र लिहिताना काय मायना घालावा, हे कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवलं नव्हतं. त्यांनी प्रार्थना शिकवली आणि शिवण शिकवली. शिवण उपयोगी पडली.

नव्या हेडमिस्ट्रेस बाईंकडे मुंबईचं साप्ताहिक येतं. त्यातला लेख त्यांनी माझ्यापुढे धरला. "हे अर्जुनराव इंजिनियर तुमचे कोणी का?" मी म्हटलं, आडनावबंधू असतील. मग अंक घरी नेला आणि तीनदा वाचला.

तू लिहितोस, देशाची प्रगती मोजायची असेल तर गावोगाव किती भिंती उभ्या राहताहेत ते पाहा. भिंतीत घातलेला रुपया भिंतीत राहत नाही. तो वीटभट्टीवर जातो, तिथून सुताराकडे, गाडीवानाकडे, वाण्याकडे, आणि शेवटी शेतकऱ्याच्या घरी पोचतो. म्हणून लढाई संपली आहे तर आता सरकारनं बांधत सुटावं. छान आहे. मुंबईत टाळ्या पडल्या असतील. पण बाबा रे, आमच्या वऱ्हाडात हे उलट्या बाजूनं चालतं. इथे आधी कापूस वर जातो, मग भिंत वर जाते. कापूस पडला की भिंत आहे तिथे थांबते, आणि गवंडी थापी धुऊन घरी जातो. हे तुला कुणी पुस्तकातून सांगायला नको. तू तर प्रत्यक्ष पाहिलं आहेस.

अठ्ठावीस साली जिनवाल्या शेटजींना मुलींच्या शाळेची हौस आली, कारण त्या वर्षी त्यांच्या कापसाच्या गासड्यांना भाव आला होता. तीन खोल्या ठरल्या. मी तुला बोलावून घेतलं आणि तू आलास. तेव्हा माझ्या पटावर एक्केचाळीस मुली होत्या. त्या कुणाच्या होत्या, आठवतं? भट्टीवाल्या कडूबाच्या दोन, चुन्याची घाणी हाकणाऱ्याची एक, बेलदारांच्या पाच, ज्ञानगंगा नदीची वाळू गाढवांवरून आणणाऱ्यांच्या चार, आणि अब्दुल गनी मिस्त्रीची गुलनार, जी पाटीवर कमी आणि हातावर जास्त लिहायची. शाळा बांधणाऱ्यांच्याच मुली शाळेत बसत होत्या. दोन खोल्या झाल्या. तिसरीचं जोतं झालं आणि तीस साली भाव कोसळला. शेटजींनी हात आखडला, काम थांबलं. पुढच्या जूनमध्ये मी हजेरी घेतली तेव्हा सतरा 'हजर' आले. हे तुझ्या लेखात नाही. भिंत चढताना रुपया घरोघर फिरतो ते तू लिहिलंस. भिंत थांबली की घरोघरून काय उठून जातं, ते कुणी लिहायचं?

असो. भांडायला पत्र लिहिलेलं नाही.

मी जूनमध्ये निवृत्त झाले. निवृत्त मास्तरीण कुठे जाते? शाळेतच जाते, फक्त आता तिला कुणी नमस्ते करायला उभं राहत नाही. जिल्हा बोर्डाच्या नव्या यादीत आपल्या शाळेच्या तिसऱ्या खोलीचं नाव लागलं आहे. अट अशी की खोली जुन्या इमारतीला जोडूनच झाली पाहिजे. जोड बसत नसेल तर मंजुरी दुसऱ्या गावाला जाईल. मार्चअखेरपर्यंत ठरायचं आहे. जाणत्या इंजिनियरचा दाखला मिळाला तर बोर्डाचा ओव्हरसियर फारसं खुसपट काढणार नाही, असं कळलं.

तू जाताना पूर्वेच्या भिंतीच्या टोकाला एकाआड एक विटा चार बोटं बाहेर ठेवल्या होत्यास. मी विचारलं होतं, हे काय ध्यान? तू दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून दाखवलीस. "अक्का, हे भिंतीचे दात. पुढची भिंत यांच्यात अशी अडकते. दात ठेवले म्हणजे काम संपलं नाही, थांबलं आहे."

तू का गेलास ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि त्या दिवशी परांचीवर उभ्या असलेल्या माणसांना माहीत आहे. कागदाला माहीत असण्याचं कारण नाही.

तू येण्याची गरज नाही. दाखल्याच्या दोन ओळी पाठव.

अन्नपूर्णा


नांदुरा,
ता. २ जानेवारी १९४६

अर्जुन,

तुझं कार्ड मिळालं. पंधरा वर्षांनी मी पत्र लिहिलं, आणि अख्ख्या कार्डावर तुझी एकच ओळ: "दात शाबूत आहेत का?" शाईची टंचाई मुंबईतही आहे असं दिसतं. सिमेंटला परमिट लागतं हे ऐकून होते, शब्दांनाही लागतं हे नव्हतं माहीत.

आहेत. शाबूत आहेत. मुली त्यांना दप्तरं अडकवतात.

दाखला लवकर पाठव. बोर्डाचा माणूस पुढच्या महिन्यात येणार आहे.

तुझी मुलगी आता केवढी झाली? तिचं नावही मला ठाऊक नाही, हे लिहिताना लक्षात आलं.

अन्नपूर्णा


नांदुरा,
ता. १९ जानेवारी १९४६

अर्जुन,

तुझं पत्र संक्रांतीच्या दिवशी आलं. या वेळी चार ओळी होत्या. मी त्या इथे उतरवून काढते, म्हणजे आपल्यापैकी कुणालाही पुढे नाही म्हणता येणार नाही.

"अक्का, सदतीसच्या संक्रांतीला मी नांदुऱ्याला आलो होतो. दिवाळीत लेकीच्या तापामुळे यायचं राहिलं, म्हणून तुझ्या पाया पडायला आलो. शाळेच्या मागून आलो आणि आधी भिंत पाहिली. ती सपाट होती, वर पांढरा गिलावा होता. मी दुपारच्या गाडीनं परत गेलो."

मी खोटं बोलले. छप्पन्न वर्षांची बाई, जन्मभर मुलींना खोटं बोलल्याबद्दल उभं केलं, आणि स्वतः शाईनं खोटं लिहिलं.

आता खरं लिहिते. तू मध्ये बोलू नकोस.

तीस साली तू म्हणालास, "अक्का, काम थांबवावं लागेल. कापूस वर आला की मी येईन." आणि मी सगळ्या माणसांसमोर म्हटलं, "आपला बाप दुष्काळात खडी फोडता फोडता मेला, पण त्यानं काम टाकलं नाही. तू मंदी आल्याबरोबर पळतोस." तू गनीमियाँच्या हातातून थापी घेतलीस, ते शेवटचे दात स्वतः बसवलेस, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. तुझी तीन पत्रं आली. तिन्ही मी न उघडता परत केली. पोस्टमनला सांगितलं, या नावाचं माझं कुणी नाही.

मला काय माहीत होतं बापाबद्दल? मी दहा वर्षांची होते. उंद्रीच्या रस्त्यावर दुष्काळी कामावर आई खडीची टोपली उचलायची, बाप फोडायचा. पटकीची साथ आली, दोघं तीन दिवसांत गेले. काम टाकलं नाही म्हणून ते मोठे नव्हते. काम टाकलं असतं तर संध्याकाळची भाकरी मिळाली नसती, एवढंच होतं. सरकारनं तेव्हाही भिंती, रस्ते, तलाव बांधले. त्यातून देश किती वाढला ते तू मोज. आपण दोघं त्यातून उरलो. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी ते वाक्य तुझ्या तोंडावर फेकलं, कारण तू चालला होतास आणि मला "जाऊ नको" असं म्हणता येत नव्हतं. कॉन्व्हेंटात भीक मागायला शिकवत नाहीत.

मग छत्तीस साली तुझं कार्ड आलं: लेकीला घेऊन भाऊबीजेला येतो. ते मी परत केलं नाही. गोजरबाई शाळेत झाडलोट करते, मुलींना घरून बोलावून आणते, ती तुला आठवत असेल. तिनं अंगण सारवलं. मी अनारसे केले. चार गाड्या पाहिल्या. तू आला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गनीमियाँना बोलावलं आणि म्हटलं, "ते दात तोडा. भिंत सपाट करा आणि गिलावा मारा. इथे काही जोडायचं नाही." ते बराच वेळ भिंतीकडे पाहत उभे राहिले. मी आत जाऊन बसले. दिवसभर ठोकण्याचा आवाज येत होता. प्रत्येक ठोका मी ऐकला. दार उघडून "थांबा" म्हणायला मला दहा पावलं चालावं लागलं असतं.

ती दहा पावलं मी चालले नाही आणि तू दोन महिन्यांनी मुंबईहून आलास.

आता दाखला पाठवू नकोस. खोट्या भिंतीचा दाखला तुला द्यायला लावणार नाही. खोली गेली तरी चालेल. नव्या बाई व्हरांड्यात पहिलीचा वर्ग घेतात, पुढेही घेतील.

अजून एक सांगते, मग संपलं. आईबाप गेल्यावर नांदुऱ्याच्या स्टेशनावर दोन गाड्या उभ्या होत्या. सिस्टर मला नागपूरला नेणार होत्या आणि पादरीबाबा तुला भुसावळच्या मुलांच्या आश्रमात. तू माझा हात सोडेनास. तुझी बोटं माझ्या बोटांत एकाआड एक अशी अडकली होती की सिस्टरना ती एकेक करून सोडवावी लागली. तू चार वर्षांचा होतास, तुला आठवत नसेल. म्हणून तीस साली तू बोटं गुंफून दाखवलीस तेव्हा मी तोंड फिरवलं होतं. तुला वाटलं, अक्काला बांधकामात रस नाही.

अन्नपूर्णा


नांदुरा,
ता. ८ फेब्रुवारी १९४६

अर्जुन,

वीस दिवस झाले. तुझं उत्तर नाही. मी मागत नाही. पोस्टमन मात्र माझ्या दारावरून जाताना सायकल जोरात हाणतो, म्हणजे मी विचारायच्या आत तो कोपऱ्यापलीकडे असतो.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. अक्षर वाकडं का, ते कळावं म्हणून.

अ.


नांदुरा,
ता. २६ फेब्रुवारी १९४६

चि. अर्जुन यास अनेक आशीर्वाद.

आज सकाळी जे झालं ते झालं तसं लिहिते.

बोर्डाचा ओव्हरसियर आला. पुण्याकडचा तरुण आहे, कपड्यांना इस्त्री, भाषेला त्याहून जास्त. भिंतीपुढे उभा राहून म्हणाला, "बाई, ही तर सपाट आहे. हिला नवी भिंत अडकणार कुठे? पहिल्याच उन्हाळ्यात उभी फट पडेल. मला 'अयोग्य' लिहावं लागेल."

मी म्हटलं, "लिहा." मला वादच घालायचा नव्हता, आणि त्यानं गोजरबाई घाबरली. मी वाद घालत नाही म्हणजे मला ताप आला आहे, असं ती धरते.

त्यानं खिशातून लहान हातोडी काढली आणि रीत म्हणून भिंतीवर ठोकत खाली आला. टण्. मग धप्. मग टण्. मग धप्.

"साहेब, काऊन ठोकून राह्यले?" गोजरबाई म्हणाली. "भिंतीले दुखन ना."

तो थांबला, पुन्हा ठोकलं. टण्, धप्, टण्, धप्, जोत्यापर्यंत. "चमत्कारिक आहे. एक थर भरीव आणि एक पोकळ. ही भिंत कुणी केली?"

मी गोजरबाईला गनीमियाँकडे पाठवलं. ते आता घराबाहेर पडत नाहीत, गुडघे गेले आहेत. नातीच्या खांद्यावर हात ठेवून आले. गुलनारची मुलगी ती, अमीना, मागच्याच आठवड्यात पहिलीत आली आहे. भिंतीजवळ आल्यावर त्यांनी तिचा खांदा सोडला आणि भिंतीला हात लावला.

मी विचारलं, "गनीमियाँ, मी तुम्हाला दात तोडायला सांगितलं होतं. तोडलेत?"

"नाही बाई."

"म्हणजे मला फसवलंत?"

"हाव."

"दहा वर्षं?"

"नऊ झाले. दहावं दिवाळीले भरन." अर्जुन, त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर लाज म्हणून नव्हती. "तुमी म्हटलं, तोडा. अर्जुनराव जातानी मले म्हणे, गनी, याले सांभाळ. आता दोन मालक झाले. एकाचं आयकलं तं दुसऱ्याचं मोडते. म्हटलं, बाईले सपाट भिंत पाह्यजे, सपाट करून देऊ. खाचाईत विटाचे तुकडे बसोले, मातीत. चुना नाही वापरला. चुना धरून ठेवते, माती सोडून देते. वरून गिलावा मारला."

"मग दिवसभर तो ठोकण्याचा आवाज?"

"तुकडे करत होतो ना विटाचे, खाचाईच्या मापाचे. अख्खी वीट कशी मावन त्याच्यात?"

ओव्हरसियर हसायला लागला. मी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो थांबला. एवढं अजून जमतं.

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलं. हे ओरडून विचारलं असं गोजरबाई म्हणते.

"तुमी कधी इचारलं?" गनीमियाँ म्हणाले. "मले वाटे, बाईचा राग हाय, शिमग्यापावतर उतरन. मंग म्हणतीन, गनीमियाँ, काऊन तोडले हो तुमी? मंग मी सांगन. पण तुमी तं भिंतीकडून तोंड फिरवून जा. एक शिमगा गेला, दुसरा गेला. मंग मलेच भेव वाटे. म्हटलं, आता सांगितलं तं बाई मलेच भिंतीत चिनतीन."

"अर्जुन आला होता, गनीमियाँ. त्या संक्रांतीला. ही सपाट भिंत पाहून परत गेला."

ते ऐकून मात्र म्हातारा खाली बसला. म्हणाला, "मले इचारलं असतं तं." आणि मग, "सांभाळ म्हणे, सांभाळलं. पण लपोलं बी मीच." मी त्यांच्या शेजारी जोत्यावर बसले. आम्ही दोघं, आणि तिसरा तू. तिघांपैकी एकानंही एक प्रश्न विचारला असता तर पुरलं असतं.

दुपारी गिलावा काढला. गनीमियाँ म्हणाले होते तसंच झालं. माती बोटानं सुटत होती. गोजरबाईनं आणि मी मिळून खाचा मोकळ्या केल्या. ओव्हरसियर म्हणे, मजूर आणतो. मी म्हटलं, तुम्ही तुमचा कागद लिहा. दातांच्या कडा तू ठेवल्यास तशाच आहेत. एकावर तुझ्या अंगठ्याचा ठसा चुन्यात उमटलेला राहिला आहे. तुझाच आहे की गनीमियाँचा, यावर वाद झाला, पण मी निकाल दिला. डोळ्यानं नीट दिसत नाही म्हणून मी हातानं पाहिलं. दोन दातांमध्ये माझी चार बोटं बरोबर बसतात.

कागदावर त्यानं लिहिलं आहे: "जोडण्यास योग्य." काम होळीनंतर सुरू होईल.

आता तुझ्या लेखाबद्दल. कडूबानं बोर्डाच्या यादीत खोलीचं नाव लागल्याची बातमी ऐकूनच भट्टी लावली. अजून आपल्या खोलीची एक वीट कुणी मागितलेली नाही. वाळूवाले परत आले आहेत, नदीकाठी तीन चुली पेटतात. आणि गेल्या पंधरवड्यात पटावर सात नावं वाढली. मी नव्या बाईंकडून हजेरीवही मागून घेऊन दोनदा पाहिली. भिंत अजून उभीसुद्धा नाही, नुसती उभी राहणार अशी बातमी होती. तेव्हा तुझा लेख मी अर्धा मान्य करते. उरलेल्या अर्ध्यासाठी तुला इथे यावं लागेल, तो समोर बसूनच मोडून काढीन.

दाखल्याची आता गरज उरलेली नाही, ओव्हरसियरनं काम भागवलं आहे. म्हणजे तुला बोलवायला माझ्याजवळ कामाचं निमित्त नाही. तरी लिहिते. जाऊ नको असं मला तीस साली म्हणता आलं नाही. ये, असं म्हणता येतं का पाहते.

ये.

लेकीला आण. पहिली वीट तुझ्याशिवाय कुणाला ठेवू देणार नाही, हे मी बोर्डाला लेखी कळवलं आहे. भुसावळकडची गाडी सकाळी येते, मी स्टेशनावर असेन. गर्दीत डोळ्यानं ओळखणार नाही कदाचित, तू हाक मार.

शाळेत पोचल्यावर मात्र थोडं थांबावं लागेल. आज शाळा सुटताना अमीनानं आपलं दप्तर खालच्या दाताला अडकवलं. ते पाहून बाकीच्यांनीही अडकवली, आणि आता कोणी ऐकत नाही. तुला काम सुरू करायचं तर आधी ती दप्तरं उतरवावी लागतील.

तुझी,
अक्का